खराब माल परत करायचा हक्क : वाई परिसरातल्या ग्राहकांसाठी सविस्तर माहिती

ईद जवळ आली किंवा घरात निकाह ठरला की खरेदीची यादी लांबत जाते. कपडे, चप्पल-बूट, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, मोबाईल, दागिने. काही वस्तू वाईच्या बाजारपेठेतून येतात, काही साताऱ्याहून किंवा पुण्याहून, आणि आता बऱ्याच ऑनलाईन. त्यातली एखादी खराब निघते. फ्रिज गार होत नाही, पहिल्या धुण्यात कपड्याचा रंग जातो, मोबाईल आठ दिवसांत बंद पडतो. दुकानात गेलं की गल्ल्याच्या वरची पाटी दाखवली जाते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. ती वाचून आपण मुकाट्याने घरी येतो.

माल खराब असेल तर या पाटीला कायद्यात किंमत नाही. तरीही वाईसारख्या गावात बहुतेक तक्रारी होतच नाहीत, आणि त्याचं कारण कायदा नसून भीड आहे. दुकानदार ओळखीचा असतो, रोजचा सलाम-दुआ असतो, त्याच्या घरी आपलं जाणं-येणं असतं. ‘एवढ्यासाठी कशाला वाईटपणा घ्यायचा’ असं म्हणत महिने जातात, वॉरंटी संपते आणि घामाचा पैसा बुडतो. भांडण न करता, संबंध न बिघडवता, पण लेखी आणि वेळेत आपला हक्क कसा मागायचा याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. हा लेख जपून ठेवा, गरज पडली की उघडा.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात ग्राहकांसाठी पहिला स्वतंत्र कायदा १९८६ साली आला. त्या कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा देशात असा कायदाच नव्हता.

आता जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू आहे. त्यातल्या बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या. पूर्वी ज्याला आपण ‘ग्राहक मंच’ म्हणायचो, तो आता ‘ग्राहक आयोग’ झाला.

माल परत करण्याच्या बाबतीत या कायद्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

१) दोष म्हणजे काय : वस्तूचा दर्जा, वजन-माप, शुद्धता, ताकद किंवा प्रमाण यांत कायद्याने, कराराने किंवा विकणाऱ्याच्या स्वतःच्या दाव्याप्रमाणे जे असायला हवं त्यात कमतरता असेल तर तो दोष. ‘पूर्ण सुती आहे’ म्हणून विकलेलं कापड मिश्र निघालं, तर ते फाटलेलं नसलं तरी सदोषच.

२) परत घ्यायला नकार : खराब माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याच्या भाषेत ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांच्या आत ग्राहकाने वस्तू परत आणली, तर दुकानदाराला पाटीकडे बोट दाखवून हात झटकता येत नाहीत.

३) बिल न देणं : बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. बिल मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

४) वापरणाराही ग्राहक : पैसे देणाराच ग्राहक असतो असं नाही. त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. लग्नात मामांनी भाचीला वॉशिंग मशीन दिलं आणि ते खराब निघालं, तर भाची स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. बिल मामांच्या नावावर असलं तरी चालतं, फक्त ते बिल जवळ हवं.

३० दिवस उलटले म्हणजे सगळं संपलं, असाही अर्थ काढू नका. वॉरंटीच्या काळात निघालेला दोष किंवा आधी न दिसलेला कारखान्यातला दोष असेल तर पुढेही दाद मागता येते. आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. सुरक्षित राहायचं तर बिलाच्या तारखेपासूनच दोन वर्षं मोजा, म्हणजे घोळ होणार नाही.

काय परत करता येतं आणि काय नाही

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. कायद्याने दिलेला हक्क सदोष मालाबद्दल आहे. रंग आवडला नाही, घरी आल्यावर सासूबाईंना पसंत पडला नाही, दुसरीकडे स्वस्त मिळतंय, या कारणांसाठी दुकानदाराने माल बदलून दिला तर तो त्याचा चांगुलपणा. त्याच्यावर तसं बंधन नाही. त्याने बिलावर किंवा जाहिरातीत ‘७ दिवसांत बदलून मिळेल’ असं लिहिलं असेल, तर मात्र तो शब्द त्याने पाळलाच पाहिजे.

उघड दिसणारा दोषही वेगळा धरावा लागतो. वस्तू विक्री कायदा १९३० सांगतो की ग्राहकाने माल स्वतः तपासून घेतला असेल, तर तपासताना सहज दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल नंतर तक्रार करणं अवघड जातं. म्हणून कपाटाचे पत्रे, काचेची भांडी, फर्निचर, टीव्हीचा पडदा या गोष्टी दुकानातच नीट बघून घ्या. ‘सेल’मध्ये कमी किमतीत मिळालेला माल त्यातला दोष दाखवून, बिलावर तसं लिहून विकला असेल, तर त्याच दोषासाठी तो परत करता येणार नाही. दोष न सांगता विकला असेल तर सूट दिली होती ही सबब चालत नाही.

आणि ग्राहकानेही आपला व्यवहार साफ ठेवावा. ईदला दिवसभर घातलेला कुर्ता दुसऱ्या दिवशी ‘फिटिंग बरोबर नाही’ म्हणून परत करायला जाणं हा हक्क नाही, दुकानदाराचा नाहक तोटा आहे.

खरेदी करतानाच घ्यायची काळजी

– पक्कं बिल घ्या. ‘बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल’ असं सांगितलं जातं. वाचलेले शे-दोनशे रुपये नंतर हजारोंना महाग पडतात. कच्ची चिठ्ठी दिली तर तिच्यावर निदान दुकानाचा शिक्का, तारीख, वस्तूचं नाव आणि रक्कम हवी.
– बिलावर कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. मोबाईल असेल तर आयएमईआय नंबर.
– वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का मारून घ्या. कोरं कार्ड घरी आणू नका.
– शक्यतो यूपीआयने किंवा बँकेतून पैसे द्या. बिल हरवलं तरी खात्यातली नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.
– दुकानदाराने तोंडी दिलेलं आश्वासन (‘रंग जाणार नाही’, ‘पाच वर्षं बघायला नको’) बिलाच्या मागे लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर तिथेच समजून जा.
– बिलाची छपाई काही महिन्यांत पुसट होते. घरी आल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवा.
– सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक बंधनकारक आहे. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो टाकून खात्री करता येते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर नियमाप्रमाणे कमतरतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो.

वस्तू खराब निघाली तर : पायरी पायरीने

पहिली पायरी – वापर थांबवा, पुरावा जपा. दोष दिसताच फोटो आणि व्हिडिओ काढा. खोका, थर्माकोल, लेबल फेकू नका. गल्लीतल्या मेकॅनिककडून वस्तू उघडू नका. एकदा उघडली की ‘दुसऱ्याने हात लावला’ या एका वाक्यावर कंपनी वॉरंटी नाकारते.

दुसरी पायरी – दुकानदाराला लगेच सांगा. प्रत्यक्ष जाऊन शांतपणे बोला. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा : ‘आज तुमच्याकडे येऊन सांगितलं, फ्रिज गार होत नाही.’ तोंडी बोलण्याला तारीख नसते, मेसेजला असते.

तिसरी पायरी – कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा फसवणूक करणाऱ्यांचे असतात. कुणी ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा. मेकॅनिक घरी येऊन गेला की प्रत्येक वेळी जॉबशीट मागा. तीनदा दुरुस्ती होऊनही तोच दोष राहिला, तर त्या तीन जॉबशीट हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

चौथी पायरी – लेखी पत्र द्या. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही. वकिलाचीच नोटीस हवी असं नाही, साध्या कागदावर आपल्या हाताने लिहिलेलं पत्र चालतं. ते पोचपावती मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा दुकानात देऊन आपल्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. नमुना असा :

‘प्रति, (दुकानाचं नाव व पत्ता) आणि (कंपनीचं नाव व पत्ता).
विषय : सदोष वस्तू बदलून मिळणे अथवा किंमत परत मिळणेबाबत.
महोदय, मी दिनांक … रोजी बिल क्रमांक … अन्वये आपल्याकडून (वस्तू, मॉडेल, सिरीयल नंबर) रु. … ला खरेदी केली. दिनांक … पासून तिच्यात पुढील दोष आहे : … . याबाबत दिनांक … रोजी आपणास तोंडी व मेसेजद्वारे कळवले. कंपनीकडे तक्रार क्रमांक … नोंदवला आहे. दिनांक … रोजी दुरुस्ती करूनही दोष कायम आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वस्तू बदलून द्यावी अथवा पूर्ण किंमत परत करावी. तसे न झाल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. सोबत बिल, वॉरंटी कार्ड व जॉबशीटच्या प्रती जोडल्या आहेत. आपला/आपली, (नाव, पत्ता, सही).’

या पत्रात शिवीगाळ, धमकी किंवा ‘बदनामी करू’ असला मजकूर नको. तारखा आणि आकडे असले की पुरेसं वजन येतं. बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात, कारण असं पत्र दुकानदारालाही उपयोगी पडतं. ते दाखवून तो कंपनीकडे किंवा डिस्ट्रिब्युटरकडे जोर लावू शकतो.

पाचवी पायरी – राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. १९१५ हा मोफत नंबर आहे आणि मराठीतही बोलता येतं. ८८०००-०१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲपनेही तक्रार देता येते. हेल्पलाईन तुमची तक्रार कंपनीपुढे मांडते आणि उत्तर मागवते. तिला हुकूम काढायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या आणि ऑनलाईन विक्रेते यांच्या बाबतीत तिचा चांगला उपयोग होतो. हेल्पलाईनकडे तक्रार दिली म्हणून दोन वर्षांची मुदत थांबत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

आयोगाकडे जायचं झाल्यास

वाई तालुक्यातल्या लोकांसाठी सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, सांगलीकरांसाठी सांगलीत जिल्हा आयोग आहे. वस्तू कुठे घेतली याने फरक पडत नाही. नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या आयोगाकडेच तक्रार करायची सोय दिली आहे. पुण्याच्या कॅम्पात घेतलेला किंवा दिल्लीच्या विक्रेत्याकडून मागवलेला माल खराब निघाला तरी वाईच्या माणसाने पुण्याला किंवा दिल्लीला खेटे घालायची गरज नाही. साताऱ्यातच तक्रार होते.

कोणत्या आयोगाकडे जायचं ते तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरतं. ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्यापुढची राष्ट्रीय आयोगाकडे. म्हणजे घरगुती वस्तूंच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी जिल्ह्यातच चालतात.

फी किती? वस्तूची मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांना १,००० रुपये.

वकील लावणं सक्तीचं नाही. स्वतः बोलता येतं, घरातल्या माणसाला अधिकारपत्र देऊन पाठवता येतं. तक्रार समक्ष देता येते किंवा ऑनलाईनही. आधी त्यासाठी ‘ई-दाखिल’ होतं, १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ हे नवं पोर्टल सुरू झालं. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची विनंतीही करता येते. रोजंदारी बुडवून साताऱ्याची एसटी धरायला ज्यांना परवडत नाही, त्यांनी ही विनंती जरूर करावी.

तक्रारीत काय हवं? तुमचं आणि जाबदारांचं नाव-पत्ता, घडलेली हकीकत तारीखवार, नेमकी मागणी, शपथपत्र, आणि बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, पत्राची प्रत, पोचपावती, फोटो. व्हॉट्सॲपच्या मेसेजचे प्रिंट काढा, पण मूळ मेसेज मोबाईलमधून पुसू नका.

तक्रार घ्यायची की नाही हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं. जाबदाराला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागणार नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि तपासावी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा याहून जास्त वेळ जातो, तेवढी सबुरी धरूनच जा. मधेच दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग मध्यस्थीकडे पाठवतो, आणि ओळखीच्या दुकानदाराशी वाद असेल तर तो मार्ग चांगला.

आयोग दोष दूर करून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला, त्रासाबद्दल नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं.

दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही जाबदार का करायचं?

याचं उत्तर गोव्यातल्या एका खटल्यात मिळतं. २०११ साली तिथल्या एका ग्राहकाने टाटा मोटर्सच्या अधिकृत डीलरकडून नवीन गाडी म्हणून पैसे भरले. हातात आलेली गाडी २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली आणि गंजलेली निघाली. खालच्या आयोगांनी डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की डीलर हा कंपनीकडून गाड्या विकत घेऊन पुढे विकणारा स्वतंत्र व्यापारी होता, आणि त्याच्या या कृत्यात कंपनीचा हात किंवा तिला त्याची माहिती असल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून कंपनी सुटली, डीलरची जबाबदारी कायम राहिली.

यावरून एवढं घ्यायचं : चूक कुणाची हे आपल्याला बाहेरून कळत नाही. दुकानदार म्हणतो कंपनीची, कंपनी म्हणते दुकानदाराची. दोघांनाही समोर ठेवा आणि आपल्या तक्रारीत प्रत्येकाने काय केलं ते वेगवेगळं लिहा. एकालाच धरलं आणि तो सुटला तर हात रिकामे राहतात.

धंद्यासाठी घेतलेलं यंत्र असेल तर?

आपल्या समाजात शिलाई मशीनवर, रिक्षावर, पिठाच्या गिरणीवर, गॅरेजमधल्या अवजारांवर घर चालवणारी कुटुंबं खूप आहेत. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही. मग आपाने घेतलेल्या पिको-फॉल मशीनचं काय?

तिच्यासाठी कायद्यात वाट ठेवली आहे. स्वतःच्या रोजगारासाठी, स्वतः काम करून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्या लघुउद्योगाच्या खटल्यात ही रेघ आखून दिली. त्या उद्योगाने लाखो रुपयांचं मोठं यंत्र घेतलं होतं. खरेदीचा आवाका पाहता ती पोटापुरती नसून व्यापारासाठी होती, असं ठरलं आणि उद्योगाची मागणी मान्य झाली नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने उदाहरणं दिली : टाईपरायटर घेऊन स्वतः टायपिंग करणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा, असा माणूस ग्राहकच.

म्हणून शिलाई मशीन, रिक्षा, वेल्डिंग मशीन याबद्दल तक्रार करताना ‘ही वस्तू मी केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतली आहे’ हे वाक्य तक्रारीत आणि शपथपत्रात न विसरता लिहा. कुटुंबातली माणसं हाताशी असली तरी हरकत नाही. पगारी कामगार ठेवून मोठा कारखाना चालवत असाल तर मात्र मार्ग दिवाणी न्यायालयाचा.

शेतकरी भावांसाठीही हेच. हळद, आलं, सोयाबीन, भाजीपाला करणारा शेतकरी बियाण्याच्या बाबतीत ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं. बियाण्याचा नमुना तपासणीला का दिला नाही, हा कंपनीचा आक्षेपही न्यायालयाने मानला नाही. शेतकरी सगळं बी पेरतो, खटल्यासाठी थोडं बाजूला काढून ठेवेल अशी अपेक्षा धरता येत नाही. तुम्ही एवढंच करा : बिल, पिशवी आणि टॅग जपून ठेवा आणि उगवण कमी दिसताच, पीक मोडण्याआधी, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या.

ऑनलाईन मागवलेला माल

ई-कॉमर्ससाठी जुलै २०२० पासून वेगळे नियम आहेत. माल सदोष, नकली, जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. पोहोचायला झालेला उशीर आपत्तीसारख्या कारणाने असेल तर गोष्ट वेगळी. वस्तूखाली ‘नो रिटर्न’ लिहिलं असलं तरी सदोष मालाबाबत हा हक्क राहतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते.

पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढायची सवय लावा. पत्त्याचं लेबल त्यात दिसलं पाहिजे. नाव-पत्ता न देणाऱ्या, नुसत्या इन्स्टाग्राम पानावरून विकणाऱ्यांकडून माल घेताना दहादा विचार करा. कायदा तुमच्या बाजूने असला तरी नोटीस पाठवायला पत्ता लागतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल हरवलं, आता? – दुकानदाराकडे दुसरी प्रत मागा. यूपीआय किंवा बँकेची नोंद, वॉरंटीची ऑनलाईन नोंदणी, मेसेज हेही पुरावे आहेत.

हप्त्यावर घेतलेली वस्तू खराब निघाली, हप्ते थांबवू का? – थांबवू नका. कर्ज देणारी कंपनी वेगळी असते, हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पुढे कर्ज मिळायला अडचण होते. हप्ते भरत राहा आणि तक्रार वेगळी चालवा.

आयोग व्याजासह पैसे द्यायला सांगतो, आम्हाला व्याज नको आहे. – तक्रारीत व्याज न मागता किंमत, नुकसानभरपाई आणि खर्च एवढंच मागता येतं. शरीअतच्या दृष्टीने काय घ्यावं, काय नको, हे आपल्या भागातल्या आलिमांना विचारा.

वजनात खोट किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर? – वैध मापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करा. खाण्याच्या मालात भेसळ वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे.

दुकानदार भावांशी दोन शब्द

आमच्या वाचकांत दुकानदारही बरेच आहेत. ही माहिती तुमच्या विरोधात नाही. इस्लामी फिकहमध्ये खराब निघालेला माल परत करण्याच्या ग्राहकाच्या हक्काला ‘खियार-ए-ऐब’ असं स्वतंत्र नावच आहे. मालातला ऐब लपवून विकणं नाजायज मानलं गेलं आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतली ओल लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती ओल वर का ठेवली नाही, असं त्या विक्रेत्याला विचारल्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आणि पस्तावलेल्या ग्राहकाचा सौदा स्वखुशीने मोडून देणं, म्हणजे ‘इकाला’, हे तर सवाबाचं काम सांगितलं आहे.

व्यवहारात एवढं करा. ती पाटी काढून तिच्या जागी स्पष्ट लिहा : ‘खराब माल बिल दाखवून ३० दिवसांत बदलून मिळेल. न वापरलेला माल ७ दिवसांत बदलून मिळेल.’ दुसरं वाक्य तुमच्या मर्जीचं, पहिलं कायद्याचं. डिस्ट्रिब्युटरकडून माल घेताना स्वतः पक्कं बिल घ्या, म्हणजे ग्राहकाने परत आणलेली वस्तू तुम्हालाही पुढे परत करता येईल. बिल नसलेला माल आला की तोटा तुमच्याच गल्ल्यात राहतो.

ग्राहकांनी आजच एक काम करावं. घरातल्या फ्रिज, मशीन, मोबाईल आणि दागिन्यांची बिलं शोधून त्यांचे फोटो काढावेत आणि ती एका पिशवीत ठेवावीत. ज्यांना वाचता-लिहिता येत नाही अशा शेजारच्या चाचा-खालांना गरज पडली तर त्यांचं पत्र लिहून द्यावं. एका पानाचं पत्र आहे, पण त्यात कुणाच्या तरी वर्षभराच्या बचतीचा प्रश्न असतो.